आयांची चित्रं काढणारी आई
(सोसायटीच्या सभागृहात केलेल्या छोटेखानी भाषणावरून)

आईचं चित्र म्हटलं की आपल्याला कॅलेंडरवरची हसरी, नटलेली आई आठवते. जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ (१८६७–१९४५) हिच्या आया तशा नाहीत. नवरा डॉक्टर, राहणं बर्लिनच्या कामगारवस्तीत. दवाखान्यात येणाऱ्या बायका तिने कागदावर उतरवल्या. थकलेल्या, राठ हातांच्या, मांडीवर आजारी पोर.

१९१४ साली महायुद्ध सुरू झालं. धाकटा पीटर अठराचा. सैन्यात जायला वडिलांची परवानगी हवी आणि वडील तर नकोच म्हणत होते. केटेनेच त्यांचं मन वळवलं, बरं का. (बँकेत जामीनदार म्हणून सही करताना भल्याभल्यांचा हात थबकलेला मी पाहिलाय. इथे तर मुलगा होता.) ऑक्टोबरात पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

त्याच्या स्मारकाचं काम तिच्या हातून पुरं व्हायला १९३२ उजाडलं. मधे कितीदा सोडलं, पुन्हा धरलं. सैनिकांच्या दफनभूमीत गुडघे टेकलेले आईबाप, दोनच पुतळे. बाप ताठ, हात स्वतःभोवती आवळलेले. आई पार वाकलेली. मुलगा त्यात नाहीच!

१९४२ मध्ये नातू गेला, रशियाच्या आघाडीवर. त्याचंही नाव पीटरच. त्याआधी काही महिने तिने एक चित्र केलं होतं. म्हातारी आई तीन पोरांना आपल्या कोटाखाली घट्ट दाबून बसली आहे, आणि पोरं कसली ऐकतात, खालून बाहेर डोकावताहेत.