औषधाने येणारी थरथर आणि गावाची समजूत



मनोविकार झालेल्या माणसाच्या घरात भीती दोनदा शिरते. पहिली भीती आजाराबरोबर येते. तरणाताठा मुलगा एकटाच बोलू लागतो, शेजारीपाजारी आपल्या जिवावर उठले आहेत असे म्हणतो, रात्ररात्र जागून काढतो. घर सेनगावकडचे असो की कळमनुरीकडचे, पाऊल बहुधा आधी देवऋष्याकडे वळते आणि मग उशिरा का होईना दवाखान्याची वाट धरली जाते. औषध सुरू होते, मुलाला झोप लागते, घरही निवांत होते. तोच तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याची मान एका बाजूला वळते ती वळलेलीच राहते. बुबुळे वर चढतात, जबडा आवळतो, जीभ जड होते. ही दुसरी भीती. बाधा गेली नव्हती, दबा धरून बसली होती, असे शेजारी म्हणतात; गोळ्यांनी पोराचा घात केला, असे घरचे म्हणतात. दोन्ही समजुतींचा शेवट एकच होतो. औषध उकिरड्यावर जाते.

या अवस्थेला वैद्यकात डिस्टोनिया म्हणतात. औषध सुरू केल्यावर किंवा त्याची मात्रा वाढविल्यावर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुणांमध्ये, ती उद्भवते. दिसायला भयंकर असली तरी प्रोमेथाझिनसारखे इंजेक्शन योग्य वेळी मिळाल्यास मान बहुधा अर्ध्या तासाच्या आत सरळ होते. घसा आवळून श्वासाला अडथळा येत असेल तर मात्र क्षणाचाही विलंब परवडत नाही. हा भुताखेतांचा खेळ नव्हे, याचा एक सोपा पुरावा आहे. उलटी थांबविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रामाइड या साध्या औषधानेही कधीकधी मान अशीच वळते, आणि तीसुद्धा मनोविकाराशी काहीएक संबंध नसलेल्या शाळकरी मुलीची.

असे का घडते, हे समजणे अवघड नाही. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन निरोप्याचे काम करते. भास आणि संशय यांच्याशी त्याचा संबंध आहे, तसाच हातापायांच्या सुरळीत हालचालींशीही आहे. मनोविकारावरील बहुतेक औषधे हा निरोप अडवितात. एका रस्त्यावर नाकेबंदी करावी आणि शेजारच्या रस्त्यावरील रहदारीही तुंबावी, तसा हा प्रकार आहे.

या ज्ञानाचा एक धागा भारतीय मातीतला आहे. सर्पगंधेच्या मुळीने उन्माद शांत होतो, हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ दले व पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचे मनोरुग्णांवरील परिणाम जगापुढे मांडले. दोन्ही औषधांनी रुग्ण शांत झाले, आणि दोन्ही औषधांनी काहींचे हात कापू लागले. पुढे १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनमुळे निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा देऊन पुन्हा हिंडते-फिरते केले. डोपामिनवरील संशोधनासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. या इतिहासात एक व्यवहारी इशाराही दडलेला आहे. बांधावरच्या खाजकुइरीच्या बियांत हेच लेव्होडोपा असते. कंपवातावर ती गुणकारी म्हणून कोणी तिची भुकटी मनोरुग्णाला चारू लागला, तर हाताची थरथर कमी होण्याऐवजी दबलेले भास पुन्हा उसळण्याचा धोका संभवतो.

मान वळणे निदान सर्वांना दिसते. दुसरा परिणाम त्याहून फसवा आहे. रुग्णाला एका जागी बसवत नाही. तो उठतो, येरझारा घालतो, उभा राहिला तरी या पायावरून त्या पायावर होतो, जेवण अर्धवट टाकून अंगणात जातो. आतून कोणीतरी सतत टोचत आहे असे त्याला वाटते. याला अकाथिसिया म्हणतात. घरच्यांना वाटते, वेड वाढले. ते तसेच डॉक्टरांना सांगतात, आणि त्या सांगण्यावरून मात्रा वाढविली गेली की तळमळ दुप्पट होते. ही तळमळ असह्य होऊन जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचारही मनात येऊ शकतात. म्हणून दवाखान्यात ‘पोरगं लई चाळवलंय’ एवढेच सांगून भागत नाही. तळमळ औषध सुरू होण्यापूर्वी होती की नंतर आली, हे सांगितले पाहिजे. या एका तपशिलाने उपचाराची दिशा बदलते. डॉक्टर मात्रा कमी करतात, औषध बदलतात किंवा प्रोप्रानोलॉलसारखी गोळी जोडतात. वारंवारच्या चहाने ही तळमळ आणि थरथर वाढू शकते, तेव्हा चहाचे कपही मोजावेत.

तिसरा परिणाम कंपवातासारखा असतो व काही आठवड्यांत हळूहळू येतो. चाल मंदावते, चालताना हात हलत नाहीत, चेहरा निर्विकार होतो, लाळ गळते, अक्षर बारीक होत जाते. बँकेतील सही जुळत नाही म्हणून माणूस परत पाठविला जातो, तेव्हा कारण अनेकदा हेच असू शकते. शिक्षकांना बदललेले अक्षर इतरांआधी ओळखता येते. अशा माणसाला गाव आळशी ठरविते, हा मोठा अन्याय होय. त्याला ट्रायहेक्सिफेनिडिलच्या गोळ्यांनी उतार पडतो, परंतु त्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, शौचास खडा होतो, वृद्धांची लघवी अडते, स्मृती मंदावते. काहींना त्यांची चटकही लागते. म्हणून त्या दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेत राहणे योग्य नव्हे.

चौथा परिणाम महिन्यांनी किंवा वर्षांनी प्रकट होतो. तोंडात काही नसताना चघळल्यासारखी हालचाल, ओठांचा चाळा, जिभेचे आत-बाहेर होणे. यालाच टार्डिव्ह डिस्किनेशिया म्हणतात. जुन्या पद्धतीच्या औषधांवर असलेल्या प्रौढांपैकी दर वर्षी शंभरात सुमारे पाच जणांना तो जडतो. वृद्धांमध्ये, त्यातही स्त्रियांमध्ये, प्रमाण अधिक असते. ट्रायहेक्सिफेनिडिलने तो सुधारत नाही, उलट बळावू शकतो, आणि औषध एकाएकी थांबविल्यास अधिक उघड होतो. लवकर ओळखला तरच त्याला आवर घालणे शक्य असते. क्लोझापिन व क्वेटियापिन यांसारख्या औषधांनी हालचालींचा त्रास पुष्कळ कमी होतो, मात्र क्लोझापिनसाठी नियमित रक्ततपासणी आवश्यक असते.

मग औषधच का घ्यावे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने अनेक पाहण्यांचा एकत्रित निष्कर्ष छापला. औषध थांबविलेल्या छिन्नमनस्कतेच्या शंभर रुग्णांपैकी वर्षभरात ६४ जणांचा आजार उलटला. औषध चालू ठेवलेल्यांत तो २७ जणांचा उलटला. थरथरीवर उपाय निघतो. उलटलेल्या आजारात नोकरी, शेत आणि सोयरीक यांतले काय हातून जाईल, ते सांगता येत नाही.

घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. शाळेची जुनी वही घेऊन गोळीचे नाव, घेतल्याची वेळ आणि त्रास सुरू झाल्याची वेळ लिहावी. मोबाइलवर चाललेली हालचाल टिपून ठेवावी, कारण डॉक्टरांसमोर ती नेमकी थांबलेली असते. दर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने इंजेक्शन घेणाऱ्यांच्या बाबतीत ही नोंद अधिकच मोलाची, कारण एकदा टोचलेले औषध काढून घेता येत नाही. गिळताना ठसका लागत असेल तर भाकरी वरणात कुस्करून, ताठ बसवून, लहान घासांनी भरवावी. कडबा-कुट्टी, मळणी यंत्र आणि विहिरीचा काठ यांपासून अशा माणसाला दूर ठेवावे, पण काम मात्र काढून घेऊ नये. वसमत परिसरात हळद शिजविण्याच्या कढईपाशी त्याला उभे करू नये. वाळलेली हळद निवडण्याचे काम तो सावलीत बसून करू शकतो.

सावलीचा उल्लेख सहेतुक आहे. ही औषधे, आणि विशेषतः त्यांच्यासोबतची ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी, घाम कमी करतात. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत अशा रुग्णाला ऊन इतरांपेक्षा लवकर बाधते. अंग लाकडासारखे ताठ, सणसणून ताप आणि भान हरपलेले अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर ती जिवावरची वेळ समजावी. पुढची गोळी न देता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

पंचायत सदस्यांनी दोन कायदे ध्यानात ठेवावेत. बाधा उतरविण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २२ नुसार, उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. गोळी हाती पडताना ‘याने मान वळू शकते, घाबरू नका, लगेच या’ एवढे वाक्य कानी पडले असते, तर दुसऱ्या भीतीला घरात शिरायला जागाच उरली नसती. ते कोणी आपण होऊन सांगितले नाही, तर विचारण्यात संकोच नसावा. आशा कार्यकर्तीने सोबत जाऊन विचारावे.

पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये हिंगोलीहून दूर आहेत. प्रत्येक त्रासासाठी तेथवर जाण्याचे कारण नाही. जिल्हा रुग्णालय आहे, शेजारी नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहे. तेथे मराठीत बोलता येते. फोन लावण्यापूर्वी गोळ्यांचे पाकीट आणि ती वही हाताशी घेऊन बसावे.