पगारपत्रकातला दुष्काळ

महाराष्ट्रात नोकरीत असाल तर पगाराची स्लिप एकदा नीट पाहा. व्यवसाय कराचे दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत तीनशे. १९७५ साली हा कर लागला तो रोजगार हमीसाठी.

पाऊस दडी मारतो तेव्हा बुडतं कोण? शेतकरी बुडतोच. त्याला निदान पीकविमा तरी काढता येतो, भरपाई मिळेल तेव्हा मिळेल. पण खुरपणी-काढणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईच्या बुडालेल्या मजुरीचा विमा कोण उतरवतं? शहरातल्या कारकुनाचा पगार मात्र पाऊस येवो न येवो, ठरल्या तारखेला होतो.

जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाचा न्यायावरचा ग्रंथ १९७१चा. त्याचं म्हणणं असं, की आपण कुणाच्या पोटी आणि कुठल्या परिस्थितीत जन्मणार हे ठाऊकच नाही असं धरा आणि मग समाजाचे नियम ठरवा. म्हणजे माण तालुक्यात की माटुंग्यात, हे माहीत नसताना! पुढच्याच वर्षी बाहत्तरचा दुष्काळ आला. तो शिगेला पोहोचला तेव्हा राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्याआधीच, १९६५मध्ये, वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात कामाच्या हमीचा प्रयोग सुरू केला होता. १९७७च्या कायद्याने त्याला हक्काचं रूप दिलं : मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत न मिळाल्यास बेकारी भत्ता. शहरातून जितका कर येईल तितकीच भर सरकारने घालायची.

ही वाटणी मला न्याय्य वाटते. एक गोष्ट मात्र खटकते. काम कष्टाचं ठेवलं की गरज नसलेला आपोआप बाजूला राहतो, असा युक्तिवाद केला जातो. हिशेबाला तो चोख आहे. पण मग मे महिन्याच्या उन्हात खडी फोडून आपली गरज सिद्ध करायची ती त्या बाईनेच. आणि जिचं वय झालं, जिच्या अंगात ताकद उरली नाही, तिने मस्टरवर नाव कसं लावायचं? आम्ही पैसे वाटून घेतले, ऊन तिच्याच वाट्याला ठेवलं.

पैशांचंही तसं फार काही नाही. या कराला राज्यघटनेतच वरची मर्यादा आहे, माणशी वर्षाला २,५०० रुपये. ती १९८८ची. पगार तेव्हापासून कितीतरी पटींनी वाढले, आणि भरघोस पगाराचा साहेब आजही शिपायाइतकेच दोनशे रुपये भरतो.