संशोधनाचे मोल कशाने मोजावे?

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त उणकल येथे दिलेले व्याख्यान)



मी जन्मभर शाळेत शास्त्र शिकविले. व्याख्याता म्हणून माझा लौकिक नाही. कार्यवाहांनी एवढेच सुचविले की, एखाद्या थोर मराठी संशोधकाची ओळख करून द्यावी. मी डॉ. कमल रणदिवे यांचे नाव निवडले. त्याला एक घरगुती कारण आहे; ते ओघाने सांगेन.

कमलाबाई माहेरच्या समर्थ. जन्म पुण्यास, ८ नोव्हेंबर १९१७ रोजी. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा. मुलीचा ओढा मात्र वनस्पती आणि प्राणिशास्त्राकडे. १९३९ साली विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि टाटा रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन खानोलकरांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये प्रसिद्ध केले होते. आपल्या लोकांच्या सवयी पाहा, रोगाचे मूळ तेथे सापडेल, हा त्या कामाचा धडा होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बाईंनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवण्याची विद्या त्या शिकल्या आणि परतून मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये तिची प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० त्या या संस्थेच्या प्रभारी संचालिका होत्या.

त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. आता, दोनशे हा आकडा ऐकून आपण टाळ्या वाजवाल. पण आकड्याने काय कळते? शेतात किती पायली पेरले यापेक्षा खळ्यावर काय आले, हे शेतकरी विचारतो. शोधनिबंधाचे खळे म्हणजे पुढच्या संशोधकांचे लेखन. एकाने सिद्ध केलेले दुसरा पडताळून पाहतो, आधारास घेतो, किंवा खोडून काढतो; प्रत्येक वेळी मूळ लेखकाचे नाव नोंदविले जाते.

तीन उदाहरणे घेऊ. उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगावर काम करताना बाईंनी दाखविले की, अनुवंश, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा मिळून परिणाम होतो. एकाच कारणाकडे बोट दाखवून भागत नाही. दुसरे, १९५८ साली बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू वाढविल्याचे प्रसिद्ध केले. हा खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू काय, यावर पंडितांत वाद झाला. तरी त्याच जंतूपासून पुढे लस तयार होऊन दक्षिण भारतात तिची चाचणी झाली. वाद झालेले कामही वाया गेले नाही.

तिसरे उदाहरण आपल्या घरातले. १९७६ मध्ये कमलाबाई व सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखू यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या गालाच्या पिशवीला त्यांनी अर्क लावले. तंबाखूची जोड नसतानाही सुपारीच्या अर्काने गाठी झाल्या. जोड मिळताच प्रमाण वाढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये, नुसती सुपारीही माणसास कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा प्रसिद्ध केला, तेव्हा विचारात घेतलेल्या पुराव्यांत हे मुंबईचे प्रयोगही होते. मधे अठ्ठावीस वर्षे गेली. १९८२ साली बाईंना पद्मभूषण मिळाले, ते योग्यच. पण मला हा निर्वाळा त्याहून मोठा मान वाटतो.

आता ते घरगुती कारण. माझी आत्या निपाणीकडे दिलेली. दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून चारदा मिशरी लावी. गालात आतून चट्टा पडला, तो भरेना. "उष्णता आहे" म्हणून ती वर्षभर तुळशीचा रस लावीत राहिली. हुबळीस आणली तेव्हा तिला घासही गिळवत नव्हता. मी शास्त्राचा शिक्षक. पण तिला तोंड उघडून दाखव, असे मी एकदाही म्हटले नाही. ज्ञान छापलेले होते, ते माझ्या ओसरीपर्यंत आले नव्हते. दोष निबंध लिहिणाऱ्यांचा नव्हे. पोचविण्याचे काम आम्हा शिकलेल्यांचे होते.

म्हणून विश्वस्तांपाशी दोन मागणी. न्यासाने वर्षातून एकदा दंतवैद्य बोलावून समाजातील प्रत्येकाचे तोंड तपासून घ्यावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम वा पांढरा चट्टा दिसल्यास तत्काळ पुढे पाठवावे. दुसरी मागणी लहान आहे. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटी "अत्तरगुलाब व पानसुपारी" छापले आहे. अत्तरगुलाब असू द्या. तबकात सुपारीऐवजी आज बडीशेप आणि खडीसाखर ठेवावी, अशी मी सकाळीच स्वयंपाकघरात विनंती केली आहे. वडीलधाऱ्यांनी रागावू नये. रागावायचेच असेल तर माझ्यावर रागवावे.