चकत्या, काड्या आणि घासलेला पृष्ठभाग



पापनाशमला परिषद भरवायची कल्पना ज्यांची, त्यांचे आभार. एका बाजूला तंजावर, दुसऱ्या बाजूला कुंभकोणम. या मुलखात अजूनही घरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत, त्यांतली काही आज समोर बसली आहेत. तंजावर म्हटलं की आपल्याला व्यंकोजी आणि सरफोजी आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या घराण्याचं मूळही याच जिल्ह्यातलं. त्यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांच्याविषयी मला बोलायचं आहे. खगोलवाले चंद्रशेखर ते हे नव्हेत, ते यांचे मामेभाऊ. ही गल्लत यांच्या वाट्याला जन्मभर आली असावी.

आपल्याला ते परके नाहीत. १९५१ साली त्यांनी एम.एस्सी. केलं ते नागपूर विद्यापीठातून. पुढे बंगळुरूला मामांकडे संशोधन, मग केंब्रिज, मग म्हैसूर. १९७१ साली रामन संशोधन संस्थेत त्यांनी द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली, आणि भौतिकीच्या त्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञाला स्वतःचं टेबल दिलं. माझं आजचं म्हणणं या टेबलाबद्दलच आहे.

१८८८ साली रायनित्झर या संशोधकाला कोलेस्टेरिल बेन्झोएट दोनदा वितळताना दिसलं: १४५ अंशांच्या आसपास गढूळ, १७८च्या सुमारास नितळ. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक. तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षं तापवून मिळणारे द्रवस्फटिक म्हणजे काडीसारखे रेणू, हेच समीकरण होतं. १९७७ साली 'प्रमाण' या नियतकालिकात चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांचा निबंध आला. त्यांचे रेणू चकतीसारखे होते, आणि त्या चकत्या एकीवर एक रचल्या जाऊन खांब होत होते.

हा शोध भौतिकीच्या खात्यात जमा होतो. पण रेणू बनवला कुणी? रसायनाच्या टेबलावरच्या सदाशिव यांनी. बेन्झीनच्या सहाही कार्बनांवर एस्टरच्या लांब शेपट्या लावायच्या. कच्चा माल हेक्साहायड्रॉक्सीबेन्झीन. हवा लागली की त्याचं ऑक्सिडीकरण झालंच. सहापैकी एक शेपटी लागायची राहिली, की ती अशुद्धी. खांबांची ही अवस्था टिकते ऐंशी अंशांच्या वर, तीही जेमतेम काही अंश. माल थोडा जरी मळका असला तरी ती दिसणारच नाही. पुन्हा विरघळवा, पुन्हा स्फटिक काढा, पुन्हा वितळणबिंदू पाहा. ज्यांनी हे केलंय त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. बाकीच्यांनी विश्वास ठेवावा.

आता पृष्ठभाग. माझा स्वतःचा बराच काळ पॉलिमरच्या पृष्ठभागांवर गेला, म्हणून थोडा पक्षपात होईल. घड्याळाच्या पडद्यातले द्रवस्फटिक एका दिशेला उभे राहतात ते काचेवरच्या पॉलिइमाइडच्या पातळ थरामुळे. तो थर मखमलीसारख्या कापडाच्या रुळाने एकाच दिशेने घासतात. एवढ्या अब्जावधींच्या धंद्यात कापडाने घासणं! धूळ उडते, स्थितिक विद्युत साचते, तरी पद्धत दशकानुदशकं टिकली. घासल्याने पृष्ठभागाजवळच्या पॉलिमरच्या साखळ्या एका दिशेला ओढल्या जातात आणि रेणू त्यांच्यामागे रांग धरतात.

गंमत पुढेच आहे. संगणकांच्या अशाच पडद्यांकडे तिरकं पाहिलं की चित्र उलटसुलट दिसे. नव्वदच्या दशकात जपानमध्ये त्यावर उपाय म्हणून एक पातळ फिल्म निघाली: सेल्युलोज ट्रायॲसिटेट, त्यावर घासलेला थर, त्यावर ट्रायफिनिलीनच्या चकत्या, आणि त्या थरागणिक कलत जाऊन तशाच गोठवलेल्या. बंगळुरूच्या चकत्यांचं हे कुळ संगणकांच्या पडद्यांवर येऊन बसलं. ते आपल्याकडून का झालं नाही, यावर भांडायला मला आवडेल, पण जेवणानंतर.

चंद्रशेखर स्वस्थ बसलेले नव्हते. निवृत्तीनंतर १९९१ साली त्यांनी बंगळुरूतच द्रवस्फटिकांचं स्वतंत्र केंद्र काढलं. त्यांच्याकडे रसायन आणि भौतिकी शेजारी बसली; आपल्या विद्यापीठांत मात्र रसायन आणि भौतिकी यांचे विभाग एकाच आवारात असून एकमेकांच्या प्रयोगशाळेची किल्ली कुठे असते हे त्यांना ठाऊक नसतं. माझी सूचना साधी आहे. मृदू पदार्थांवर पीएच.डी. करणाऱ्या भौतिकीच्या विद्यार्थ्याने पहिलं सत्र संश्लेषणाच्या टेबलावर काढावं, आणि रसायनाच्या विद्यार्थ्याने ध्रुवण-सूक्ष्मदर्शकावर. परिषदेने तसा ठराव करून विद्यापीठांकडे पाठवावा; मसुदा मी चिटणिसांकडे दिला आहे, दुरुस्त्या उद्या दुपारपर्यंत द्याव्यात.