फेस कमी, पण हात शाबूत

मी माटुंग्याहून बोलतेय. इथे लेबर कॅम्पाच्या बाजूच्या वस्तीत आमचे बचत गट आहेत, त्यांची समन्वयक म्हणून मी काम बघते. आमच्या गटातल्या निम्म्याहून जास्त बाया घरकाम करतात. सकाळी सातला निघायचं, चार-पाच घरची भांडी, लादी, संडास-बाथरूम करायचं आणि दुपारी आपलं घर गाठायचं. आजचा विषय तिथूनच आलाय. घर साफ करायला आपण जे वापरतो, ते आपल्या हातांचं काय करतं?

गटाच्या बैठकीत एका ताईने प्रश्न काढला. रेशनच्या दुकानात यंत्रावर तिचा अंगठा लागत नव्हता. दोनदा, तीनदा दाबला, हात पुसून दाबला, तरी नाही. बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. मग बाकीच्यांनीही हात पुढे केले. कुणाच्या बोटांच्या पेरांना चिरा, कुणाचा तळवा सोललेला, कुणाची नखं पिवळी. भांड्यांची पावडर आणि धुण्याचा साबण कातडीचं तेल काढून घेतात, आणि संडासाचं अॅसिड कातडीच जाळतं. हाताची काळजी म्हणजे नटणं-मुरडणं नव्हे, बायांनो. ज्या हातावर पोट आहे, ज्या अंगठ्यावर रेशन आहे, त्याचा हा प्रश्न आहे.

गावाकडेही आता चित्र वेगळं राहिलेलं नाही. आठवडी बाजारात फिनेल, अॅसिड, निळ्या-हिरव्या बाटल्या सगळं मिळतं. घरोघरी संडास झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यांच्यासोबत अॅसिडची बाटलीही घरात आली. म्हणून आधी तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगते.

पहिली. संडास साफ करायच्या बाटलीत बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. कपडे पांढरे करायच्या द्रावणात आणि ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन असतं. "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होईल" म्हणून काही जणी एकावर एक ओततात. असं कधीही करू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये सैनिकांवर सोडला होता, तोच हा वायू. लहानशा, दार लावलेल्या संडासात तो कोंडला तर श्वास अडकतो. चुकून असं झालंच तर पुसत बसू नका. बाहेर या, दार उघडं ठेवा, मोकळ्या हवेत थांबा.

दुसरी. सुटं अॅसिड विकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये बंधनं घातली. अॅसिडहल्ल्यात होरपळलेल्या लक्ष्मी नावाच्या मुलीने केलेल्या याचिकेत हा आदेश निघाला. दुकानदाराने ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवंय ते विचारायचं, नोंदवहीत लिहायचं आणि अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. असं असताना कुणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून अॅसिड देत असेल, तर घेऊ नका. घरातलं लेकरू ती बाटली सरबत समजून तोंडाला लावतं. लावलीच, तर उलटी करायला लावू नका, कारण वर येतानाही अॅसिड घसा जाळतं. तोंड खळखळून धुवा, १०८ ला फोन करा आणि ती बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. डोळ्यात उडालं तर निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा, मग डॉक्टरकडे.

आता याला पर्याय काय ते बघू.

माटुंग्याच्या बाजारात केळीची पानं आणि गजरे मिळतात, तसे रिठे आणि शिकेकाईही मिळतात. इथे जुनी तमिळ घरं खूप आहेत. तिथल्या मामी अजूनही रेशमी साडी रिठ्याच्या पाण्यात धुतात. याच माटुंग्यात रसायन तंत्रज्ञान शिकवणारी मोठी संस्था आहे, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली. तिथे तेलं आणि साबणासारख्या द्रव्यांचा वेगळा विभागच आहे. हे सांगायचं कारण असं की रिठा म्हणजे आजीबाईची समजूत नाही, ते रसायनशास्त्रच आहे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. ते एका बाजूने तेलाला धरतं, दुसऱ्या बाजूने पाण्याला, आणि मळ सोडवतं. साबणही हेच करतो.

कृती सोपी आहे. पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढा. टरफलं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पंधरा मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करा आणि फडक्याने गाळा. हे पाणी भांड्यांना, रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना, फरशीला चालतं. चार-पाच दिवसांत संपवा, नाहीतर आंबतं. फेस कमी येईल. "फेस नाही म्हणजे स्वच्छ नाही" हे आपल्या डोक्यात जाहिरातींनी बसवलंय. ताटावर बोट फिरवून बघा, चिकट लागलं नाही म्हणजे झालं.

तांब्या-पितळेला चिंच किंवा आमसूल आपल्याला माहीतच आहे. फक्त कल्हईच्या भांड्याला आतून आंबट लावून घासू नका, कल्हई जाते. चुलीची राख जरूर वापरा, पण निव्वळ लाकडाची. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख भांड्याला नको. अॅल्युमिनियमला राख आणि धुण्याचा सोडा दोन्ही लावू नका, ते काळं पडतं.

बोअरच्या पाण्याने संडासाच्या भांड्यावर पांढरे थर बसतात. तो चुन्याचा थर असतो. दोन चमचे लिंबूसत्त्व मगभर कोमट पाण्यात विरघळवून ओता, तासभर ठेवा, मग ब्रशने घासा. जुना थर एकदम जात नाही, तीन-चार वेळा करावं लागतं.

आणि फळांच्या सालीचं द्रावण. १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबू-मोसंबीची सालं, एक लिटर पाणी. प्लास्टिकच्या मोठ्या बरणीत भरा, वर जागा मोकळी ठेवा. काचेची बरणी नको. आत वायू तयार होतो, म्हणून पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून परत लावा. तीन महिन्यांनी गाळा. बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे टाकून लादी पुसा. आमच्या गटाला सालं फुकट मिळतात, ज्यूसवाल्याच्या गाडीवरून.

पण मैत्रिणींनो, "नैसर्गिक" म्हणजे निर्धोक असं समजू नका. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं. सॅपोनिन माशांना घातक असतं, तेव्हा घट्ट पाणी ओढ्यात ओतू नका. लिंबू, व्हिनेगर, सालीचं द्रावण ही सगळी आम्लं आहेत. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवराची चकाकी त्यांनी जाते, आणि ब्लीचिंग पावडरमध्ये तीही मिसळायची नाहीत. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफसतं. दिसायला छान दिसतं, पण दोघं एकमेकांना मारतात आणि खाली जवळजवळ मिठासारखं पाणीच उरतं. वापरायचं तर वेगवेगळं वापरा.

अजून एक महत्त्वाचं. गावात जुलाब-उलट्यांची साथ आली तर रिठ्या-लिंबावर अवलंबून राहू नका. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर ग्रामपंचायतीने टाकलीच पाहिजे, ती टाकली का हे आपण विचारलंच पाहिजे. आजारी माणसाचा संडास ब्लीचिंगनेच धुवा. तिथे नैसर्गिकचा हट्ट जिवावर बेतेल.

आमच्या घरकाम करणाऱ्या बायांपुढे वेगळाच प्रश्न होता. बाटली कुठली आणायची हे घरमालकीण ठरवते. मग गटात असं ठरलं की एकटीने बोलायचं नाही, एकाच इमारतीत काम करणाऱ्या सगळ्यांनी मिळून बोलायचं. "मामी, अॅसिड आठवड्यातून एकदाच, तेही हातमोजे देऊन. बाकी दिवस लिंबूसत्त्व आणि ब्रश." काही घरांनी लगेच ऐकलं. काहींनी हातमोजे दिले, अॅसिड तसंच ठेवलं. दोन घरं अजून ऐकत नाहीत. त्या ताईच्या बोटांच्या चिरा भरत आल्यात. काम झालं की हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करायचे आणि खोबरेल लावायचं, हेही आता सगळ्या जणी पाळतात.

शेवटी गटांसाठी सांगते. बरेच गट फिनेल आणि लिक्विड साबण बनवून विकतात. रिठ्याचं किंवा सालीचं द्रावण विकायचं असेल तर आधी तीन महिने आपापल्या घरी वापरा आणि खर्च वहीत लिहा. बाटलीवर काय आहे आणि कधी बनवलं ते मराठीत ठळक लिहा. "सगळे जंतू मारते" असं लिहू नका, ते सिद्ध केल्याशिवाय म्हणता येत नाही. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत काहीही भरू नका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एवढंच करा. घरातल्या सगळ्या बाटल्या काढा, बिननावाच्या बाटल्यांवर नाव लिहा आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. त्याच रात्री रिठे भिजत घाला. बैठकीत एकमेकींचे हात बघा आणि कुणाचा अंगठा यंत्रावर लागत नाही ते विचारा. अशी कुणी असेल तर तिच्याबरोबर दोघी जणी रेशन दुकानात जा आणि दुसऱ्या पद्धतीने ओळख पटवून धान्य द्या म्हणा. तिला रिकाम्या पिशवीने परत येऊ देऊ नका.