‘संशोधन सांगतं’ म्हणण्याआधी



या शताब्दीसाठी आम्ही घराघरांतून माहिती गोळा करू लागलो, तेव्हा एका मुलानं विचारलं, “गिरमिटावरच्या मोठ्या पुस्तकात मराठी माणसं दिसत नाहीत. मग आजी सांगते ते खोटं का?” त्याला आज उत्तर देऊ या.

गिरमिटावरचं सगळं लिखाण एका प्रकारचं नाही. पहिले मूळ कागद. एमिग्रेशन पासवर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि जहाज असे. कारकून कानाला लागेल तसं नाव टिपत असे. दुसऱ्या आठवणी. तोताराम सनाढ्य २१ वर्षं फिजीत राहिले; १९१४ साली त्यांचं हिंदी पुस्तक निघालं. ती एका माणसाची डोळ्यांदेखतची साक्ष. तिसरं संशोधन. ब्रिज लाल यांनी कलकत्त्याहून फिजीला गेलेल्यांचे ४५,४३९ पास तपासून १९८३ साली ‘गिरमिटियाज’ हा ग्रंथ दिला.

चौथा प्रकार रिव्ह्यू. इथेच गोंधळ होतो, कारण हा शब्द तीन अर्थांनी वापरतात. पुस्तक परीक्षण म्हणजे एका वाचकाचं मत. लेख छापण्याआधी तज्ज्ञ तो तपासतात, तोही रिव्ह्यूच. आणि आढावा म्हणजे अनेकांचं संशोधन एकत्र वाचून कुठे एकमत आहे, कुठे मतभेद आहेत आणि काय शोधायचं राहिलं, ते सांगणं. पद्धतशीर आढाव्यात तर काय शोधलं, कुठे शोधलं आणि काय वगळलं, हेही लिहावं लागतं.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. लाल यांचे पास कलकत्ता बंदराचे. मद्रासहून फिजीला गेलेले त्यांत नाहीत. मुंबईहून मॉरिशसला गेलेली आपली कोकणी माणसं त्यांत कशी असतील? हा ग्रंथाचा दोष नव्हे. त्याचा विषयच तेवढा. त्यावरून “मराठी नव्हतेच” म्हणणाऱ्याची मात्र चूक. मॉरिशसचे कागद मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. न सापडणं वेगळं आणि नसणं वेगळं.

पण हाच नियम आपल्यालाही लागू. आजीची गोष्ट ही साक्ष आहे, निकाल नव्हे. ती कागदाशी ताडून पाहावी लागते, आणि कधी कागद आजीच्या बोलण्याशी.

म्हणून एक विनंती. घरातल्या जुन्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. चुकीचं वाटणारं नावही जसंच्या तसं उतरवा. गोष्ट कुणी, कधी सांगितली, त्याची तारीख घाला. वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘पेपर्स पास्ट’वर जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात, तीही चाळा, मात्र बातमी कुणाच्या तोंडची आहे ते पाहा.

उद्या कुणी आपल्यावर आढावा लिहील. त्यात आपली माणसं यायची, तर कागद आजच जपायला हवेत.