हप्त्यावरचे कुत्रे



विषय ऐकताच काही मंडळी हसली, हे आम्ही पाहिले. मजूर चळवळीतला माणूस आणि बोलणार कुत्र्यामांजरांच्या हप्त्यांवर! पण कारखान्याच्या दारात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हप्ता म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत हप्त्याचा जो नवा अवतार निघाला, तो म्हणूनच आम्हाला फार ओळखीचा वाटला.

घडते ते असे. कुटुंब दुकानात जाते, मूल पिल्लू उचलून घेते. आता ते खाली ठेवायला लावणारा बाप कोण? किंमत हजार-दोन हजार डॉलर. दुकानदार म्हणतो, महिन्याच्या महिन्याला भरा. सही होते, पिल्लू घरी येते. पुढे कधीतरी कागद नीट वाचला की कळते, हे कर्ज नव्हेच. हा भाडेपट्टा आहे. पिल्लू कंपनीचे. आपण दोन-तीन वर्षे भाडे भरायचे, शेवटी आणखी रक्कम टाकली तर ते आपले. बेरीज मूळ किमतीच्या दुपटीवरही जाते. मध्येच कुत्रे मेले तरी हप्ते चालूच.

कर्ज न म्हणता भाडे का म्हणायचे? तेथील १९६८ च्या कायद्याप्रमाणे कर्जाच्या कागदावर वार्षिक व्याजाचा दर लिहून द्यावा लागतो. भाड्याला व्याजच नाही, मग दर कसला लिहायचा? एक शब्द बदलला आणि सावकारी अदृश्य झाली.

ही युक्ती जुनी आहे. १८९५ साली इंग्लंडात हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज हा खटला एका पियानोवरून झाला. हप्त्याने घेतलेला तो पियानो भाडेकऱ्याने गहाण टाकला होता. घेणाऱ्यावर खरेदीचे बंधन नव्हते, म्हणून हप्ते फिटेपर्यंत पियानो दुकानदाराचाच, असा निकाल लागला. पुढे बरेचसे हप्ते भरलेल्या गरिबाच्या घरातून सामान उचलून नेण्याचा धंदाच बोकाळला. १९३६ साली जॅरोच्या बेकारांबरोबर चाललेल्या एलन विल्किन्सनबाई पार्लमेंटात त्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि १९३८ चा कायदा झाला. एक तृतीयांश किंमत फिटली की कोर्टाच्या हुकमावाचून वस्तूला हात लावायचा नाही. हा कायदा आम्ही पुन्हा पुन्हा वाचला आहे.

परंतु कुत्र्याच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. मंगळसूत्र गहाण घेणारा सावकार निदान सोन्याचा भाव तरी करतो. शिवणयंत्र उचलून नेणारा ते विकून पैसे करील. तीन वर्षांच्या वाढलेल्या कुत्र्याला बाजारात विचारतो कोण? कंपनीला ते परत नकोच असते. तिला हवी असते फक्त घेऊन जाण्याची धमकी. तारणाची सारी किंमत त्या घरातल्या पोरांच्या डोळ्यांत! आमच्या मते यात लबाडीपेक्षा निर्दयपणा अधिक आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्याने २००८ साली कुत्री भाड्याने देण्यावर बंदी घातली. तेव्हा डोळ्यांपुढे होते ते दिवसावारी कुत्रे भाड्याने देणारे. पण कलमात भाडे हा शब्द होता, आणि पुढे सरकारी वकिलांनी त्याच शब्दाने हप्तेवाल्यांना गाठले. लपायला घेतलेला शब्दच अंगाशी आला, याचा आम्हाला जरा आनंदच झाला.

नेव्हाडा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१७ साली स्वतंत्र कायदे केले. न्यूयॉर्कने २०१८ साली. यातला कॅलिफोर्नियाचा आम्हाला अधिक पसंत आहे. १ जानेवारी २०१८ पासून असा करार तेथे रद्दबातल. एवढ्यावर तो थांबत नाही. ज्याच्या घरी कुत्रे वा मांजर आहे तोच त्याचा मालक मानायचा, आणि त्याने भरलेला पैसा त्याला परत द्यायचा. करार रद्द म्हणून जनावर परत करा, असे म्हणायची सोयच ठेवलेली नाही. कामगार कायद्यांतही इतकी पक्की गाठ क्वचित सापडते.

एक फट मात्र राहिली. विनातारण कर्जाला बंदी नाही. जनावर तारण न ठेवता कर्ज द्या, दर लिहा, वसुलीला कोर्टात जा. दुकानदार तिकडे वळले. तेव्हा २०२२ साली कॅलिफोर्नियाने आणखी एक कायदा करून, इंटरनेटवरून कुत्री, मांजरे व ससे विकणाऱ्यांना त्यासाठी कर्ज देण्यास किंवा मिळवून देण्यासही मनाई केली.